हौसाक्काचा उजवा हात

सुपारी ताटात ठेवली होती, शेजारी बत्ता होता, आणि मुलीच्या आत्याचं, तानाक्काचं, अजून समाधान होत नव्हतं.

"ही भिंत ओली का दिसती वो?"

"पावसाळा सरलाय नुकता, आक्का," मी म्हटलं. "तुमच्या घरची भिंत काय तव्यावर भाजून काढलीय?"

सगळे हसले. मुलीचा बाप रंगराव शिंदे हसला, त्याच्या जीपचा ड्रायव्हरसुद्धा उंबऱ्यात बसून हसला. बैठकीत हसू आणणं हे माझं कामच. मी मालन, कासारीण. बांगड्यांची पेटी घेऊन पंचवीस गावं हिंडायची आणि जाता जाता सोयरिकी जुळवायची, हा आमच्या घरचा जोडधंदा. सुपारी फुटली की दोन्हीकडचं एकेक लुगडं मला ठरलेलं. रंगराव नेसायला काय देणार ते त्याच्या बायकोच्या अंगावरच्या साडीवरून मी आधीच ताडलं होतं, आणि फार आशा धरली नव्हती.

बाईचा हात हातात घेतला की घर कळतं. कुठल्या घरात सासू काम सांगते, कुठल्या घरात खायची मारामार, कुणाचं पोटातलं तिसऱ्यांदा गेलं. बांगडी चढवता चढवता सगळं बोटांना कळतं. आणि ज्या घरात नवऱ्याचा हात चालतो त्या घरात कासारणीचा धंदा चालतो. हे आम्ही बोलत नाही, पण आमची पोरं त्यावर शिकली.

त्या हिशेबानं हौसाक्का मोकाशी माझं जुनं, चांगलं गिऱ्हाईक. तिचा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी होता. गावात त्याच्या तोंडी गूळ. पण हौसाक्काच्या हातातला चुडा पुढच्या बाजारापर्यंत टिकायचा नाही. "पाट्यावर आपटला," म्हणायची. "दारात अडकला." मी म्हणायची, "दारं अरुंदच असतात बाई," आणि नवा भरायची. पुढं नवरा छातीत कळ येऊन गेला. तिचे हात माझ्या हातात यायचे थांबले. मग मी तिच्या लेकीला, उजूला, बांगड्या भरू लागले. उजूच्याही टिकेनात. पोरगी धसमुसळी असेल, असं मला वाटायचं.

आज बैठक होती ती उजूच्या थोरल्या भावासाठी. धैर्यशील मोकाशी. खत-औषधांचं दुकान, बुलेट, निर्व्यसनी, आणि बोलायला बापापेक्षा गोड. म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा, शेतकऱ्याला उधारी नाकारतानासुद्धा असा नाकारायचा की तो आभार मानून जायचा. गावात म्हणायचे, पोरगं गाईसारखं आहे. रंगरावाची पद्मा बारावी झालेली, हसरी, जरा जास्तच बडबडी. तिनं फोटो बघूनच होकार दिला होता. मुलगी दाखवून झाली होती, याद्या झाल्या होत्या, आज घर बघून सुपारी फोडायची आणि तारीख धरायची, एवढंच उरलं होतं.

उजू चहा घेऊन आली. मोठं जर्मनचं ताट, काठोकाठ भरलेले कप. भावाजवळून जाताना ती का कोण जाणे अंग चोरून वळली, आणि दोन कप तिच्याच पायावर कलंडले. उकळता चहा.

"अगं अगं अगं!" तानाक्का उठून उभी राहिली. रंगरावानं जीभ चावली. माझं तोंड आपोआप वाकडं झालं. दुसऱ्याला भाजलेलं बघून माणसाचं होतंच.

धैर्यशीलचं झालं नाही. तो बहिणीच्या पायाकडं बघतच नव्हता. त्यानं आधी तानाक्काच्या तोंडाकडं पाहिलं, मग रंगरावाच्या, मग माझ्या. आणि मग त्याचा चेहरा कळवळला. नटानं पडद्याआडून सांगितलेलं वाक्य ऐकावं आणि मग बोलावं, तसा. लगेच उठला, माठातलं पाणी आणून स्वतः तिच्या पायावर ओतलं.

"बघा," रंगराव मला हळूच म्हणाला. "भैनीवर जीव किती!"

"व्हय की," मी म्हटलं. पण माझी नजर उजूवर होती. भाजलेल्या पायानं ती ओरडली नव्हती. भाऊ पाणी ओतत असताना मात्र तिनं डोळे मिटून घेतले होते.

तानाक्का परत बसली आणि तिनं शेवटचा प्रश्न काढला. तो प्रश्न दर बैठकीत निघतोच. मुलगा कसा, हे विचारायला कुणाला सुचत नाही, पण हे विचारतातच.

"बरं, घराण्यात कोड-बिड न्हाई न्हवं कुणाला? आधी इचारल्यालं बरं असतं."

"छे!" मी सवयीनं म्हटलं. "सात पिढ्यांत नाही."

"आहे की."

आवाज माजघराच्या दारातून आला. हौसाक्का तिथं मघापासून उभी होती, दोन्ही हात पदराखाली घेऊन. आता ती पुढं आली, तानाक्कासमोर मांडी घालून बसली आणि उजव्या हातावरचा पदर सरकवला. मनगटापासून कोपरापर्यंत आतल्या बाजूला पांढऱ्याफटक कातड्याचे चट्टे होते. एकाशेजारी एक.

"मला आहे. माझ्या आईला होतं. लेकीलाही येईल. पोराच्या पोरांना कधी येईल ते देवाला ठाऊक."

बाहेर म्हैस ओरडली.

"आई," धैर्यशील म्हणाला. अगदी मऊ आवाजात. "काय बोलतेस हे?"

हौसाक्कानं त्याच्याकडं पाहिलं नाही. ती माझ्याकडं बघत होती.

रंगराव माझ्याकडं वळला. "मालनबाई, ह्या बाईच्या हातात तुम्ही जन्मभर बांगड्या भरल्या. तुम्ही सांगा. हे कोडच हाय न्हवं?"

मी तो हात हातात घेतला. कितीतरी वर्षांनी घेत होते. कोड असलेले हात मी शेकड्यानं धरलेत. त्यात काही नसतं. कातडी मऊच असते, दुखत नाही, कुणाला लागत नाही. उगाच लोकांनी त्याचा बाऊ केलाय. हे तसं नव्हतं. हे कातडं ताणलेलं, चकचकीत, काठाला गाठी असलेलं. प्रत्येक चट्टा एका मापाचा. एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला किंचित गोल. रोज चपाती उलटणाऱ्या कुठल्याही बाईला ते माप ओळखू आलं असतं. आणि नवरा जिवंत असताना हा हात स्वच्छ होता. हे घरच्यांशिवाय सगळ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं.

"बोला की," रंगराव म्हणाला.

हौसाक्काची बोटं माझ्या तळहातात रुतत होती. माजघरात उजू ओल्या पायानं उभी होती, आणि तिच्या मागं जाऊन उभा राहिलेला धैर्यशील. तो माझं तोंड बघत होता. नुकतं वाचायला शिकलेलं पोर पाटी बघतं, तसं.

"कोड आहे," मी म्हटलं. "आधीपासून आहे."

पुढचं सांगायला नको. तानाक्का ताटातल्या सुपारीपासून अशी मागं सरकली, जणू तीही पांढरी पडली होती. मला भर बैठकीत ऐकवलं.

"कासारणी, लुगड्यासाठी पोरीचा गळा कापत व्हतीस! थू तुझ्या तोंडावर!"

"चुकलं आक्का."

"चुकलं म्हन! आता कुठल्या दारात उभी ऱ्हातीस ते बघते मी."

पाणीसुद्धा न पिता ते लोक उठले. धैर्यशील त्यांना जीपपर्यंत पोचवायला गेला. हात जोडून, मान खाली घालून; बाहेरच्याला बघून वाटावं, आईच्या पापाची शरम पोराला वाटतेय.

मी हौसाक्काला ओढत स्वयंपाकघरात नेलं. "कुणी केलं हे?"

"आवाज बारीक कर."

"हौसाक्का, कुणी?"

ती चुलीजवळ बसली. गॅस आला होता तरी मोकाशांच्या घरी चूल होती. भिंतीला खिळ्यावर उलथनं टांगलेलं होतं. ती त्याकडं बघत बोलली, जणू मी तिथं नव्हतेच.

"पोराचा पाढा चुकला की आमचे मालक हे उलथनं मागायचे. तापवायचे मी, मालन. ते नुसता हात पुढं करायचे. पहिल्यांदा मी अर्धवट तापवून दिलं. त्यांनी माझ्या गालाला लावून बघितलं, म्हणाले, गार आहे. मग मी लाल करून द्यायला लागले. पोर त्यांच्याकडं बघायचं नाही. माझ्याकडं बघायचं. आई कधी नाही म्हणते, याची वाट बघायचं."

"आणि तू?"

"मी चूल फुंकायचे."

उजू दाराशी पहाऱ्यावर असल्यासारखी उभी होती. बाहेर जीप चालू होत नव्हती. ड्रायव्हर चावी फिरवत होता.

"पाठ बघितलीस का तू कधी त्याची? सदरा काढत नाही कुणापुढं. आधी लई रडायचं गं. मग एक दिवस रडायचं थांबलं. लाल उलथनं पाठीवर, आणि पोर भिंतीवरच्या पालीकडं बघतंय. मला वाटलं, सोसायला शिकलं. मी देवाला नारळ फोडला. ते सोसणं नव्हतं. आत काहीतरी होतं, ते विझलं होतं. त्या वर्षी कुत्रीची पिल्लं विहिरीत सापडली. आम्ही म्हटलं, कोल्ह्यानं नेली असतील. कोल्हा काय विहिरीत टाकतो?"

"मग तुझा हात..."

"बापाचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. भाकऱ्या करत होते. शेजारी येऊन बसला, उलथनं निखाऱ्यात घातलं, म्हणाला, आई, हात दे. रागानं नाही. राग असता तर मी समजले असते, मी पाय धरले असते त्याचे. शांत होता. माझ्या हाताकडं बघतच नव्हता. तोंडाकडं बघत होता. मी विचारलं, का रे बाळा? तर म्हणाला, मला काही वाटत नाही, तुला काय वाटतं ते बघायचंय."

इतक्या घरांत हिंडले, पण असं कधी ऐकलं नव्हतं.

"पोलिसांत..."

"माझं पोर आहे. मीच घडवलं त्याला." ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "म्हणून दुसऱ्याची पोर देऊ का ह्या चुलीशी? ती हसत होती गं फोटोत. मी रात्रंदिवस विचार केला, खरं सांगितलं तर कोण ऐकेल? सून नको म्हणून आई असं बोलते, म्हणतील. बाप मारायचा, म्हटलं, तर हसतील; कुणाचा बाप मारत नाही? पण कोड म्हटलं की वरातीचे घोडेसुद्धा मागं वळतात. एवढं मला ठाऊक होतं."

"उजूचं काय आता? कोडाच्या घरातली पोर कोण करेल?"

"कुणी नाही," उजूच म्हणाली. "मीच सांगितलं आईला, बोल म्हणून." मग म्हणाली, "मावशी, माझ्या बांगड्या दारात फुटत नाहीत."

जीप चालू झाली. हौसाक्कानं माझा पदर धरला, दोन्ही हातांनी, बुडणारं माणूस धरतं तसा.

"हिला ने. कुठंही ने. भांडी घासायला ठेव, पण ने. आज. उद्यापर्यंत काय होईल मला माहीत नाही."

"तूही चल."

"मी गेले की तो बायको शोधेल. कुठलीही, पैसे देऊन आणेल. मी आहे तोवर त्याला कुणी लागत नाही."

दारात सावली पडली. धैर्यशील चपला काढून आत आला, चुलीवरच्या तपेल्यातला उरलेला चहा बघितला, आईकडं बघून हसला.

"मावशी, चला. तुम्हाला स्टँडवर सोडतो."

"राहू दे रे बाबा, चालत जाईन."

"आमच्या घरातून पाहुणा चालत जात नाही."

बुलेटवर मी एका अंगाला बसले, मांडीवर पेटी. काच खुळखुळत होती आणि मी ती पोटाशी दाबून धरत होते. कालव्याच्या पुलावर त्यानं गाडी थांबवली. खाली पाणी भरून चाललं होतं. माणूस नव्हतं की पाखरू नव्हतं.

"मावशी," तो मागं न बघता म्हणाला, "खोटं बोलताना तुमचा आवाज जरासुद्धा बदलत नाही. मला आवडलं."

बुलेटवरून माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. पण कासारणीचं तोंड पायावर चालत नाही.

"आवडलं ना? मग माझं लुगडं बुडालं त्याचं बघ आधी. तुझ्यामुळं बोलले मी खोटं."

"माझ्यामुळं?"

"भाजलेलं आहे म्हटलं असतं, तर तानाक्कानं काय विचारलं असतं? कुणी भाजलं! रंगरावाचा मेहुणा फौजदार आहे, ठाऊक आहे का? तुझ्या आईचं डोकं फिरलंय, ती कायबी बोलेल. मी कोडाचं पांघरूण घालून तुझं घर झाकलं. आणि तू वर मलाच भर पुलावर थांबवतोस!"

मेहुणा फौजदार नव्हता, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. पण धैर्यशील मान वळवून माझं तोंड निरखत राहिला. मी त्याला हवं ते तोंड करून दाखवलं. रागावलेल्या, लुगडं बुडालेल्या बाईचं. ते करायला मला कष्ट पडले नाहीत, लुगड्याचं दुःख खरंच होतं. मग तो म्हणाला, "बरं. मग आता?"

"आता काय! लांबचं स्थळ बघावं लागेल. घाटावरचं नको, कोकणातलं बघू. पण आधी घरातली बहीण काढ. बिनलग्नाची नणंद घरात, त्यात हे कोड. कुठली मुलगी येईल? मिरजेला माझी भाची शिवणकाम करते, तिला हाताखाली पोरगी हवीय. तुझ्या घरातला एक माणूस कमी, वर खायचा खर्च वाचला."

माझ्या जन्मात मी इतक्या सोयरिकी जुळवल्या, कुठली जुळवताना एकेक शब्द इतका तोलून टाकला नव्हता. त्यानं पुलाच्या कठड्यावर बोटांनी ताल धरला. बहिणीचं काय होईल, हे तो मोजत नव्हता. तिच्या असण्या-नसण्यात स्वतःचं काय, एवढंच मोजत होता. तो हिशेब मला येत होता, म्हणून तर मी तो मांडला.

"घेऊन जा," तो म्हणाला. "आई आहेच."

बुलेट वळवून त्यानंच मला परत घरी नेलं. उजूनं एका पिशवीत दोन परकर-पोलकी भरली. हौसाक्का दारापर्यंत आली. लेकीला जवळ घेतलं नाही, पोरगा बघत होता. फक्त माझ्या पेटीकडं हात करून म्हणाली, "मालन, एक बांगडी दे."

विधवेनं मागितली म्हणून मी कचरले, आणि मग दिली. हिरवी नव्हती, साधी लाखेची. तिनं ती स्वतःच त्या उजव्या हातात घातली, चट्ट्यांवरून कोपराच्या वर सरकवली आणि पदर ओढून घेतला.

"टिकते का बघते," म्हणाली.

धैर्यशीलला मी बायको मिळू दिली नाही. आयुष्यभर लोकांची वैगुण्यं झाकून पोट भरलं, तीच जीभ उलटी चालवली. पंचवीस गावांत, प्रत्येक चुलीशी, प्रत्येक हात धरून सांगितलं. मोकाशांच्या घरात कोड आहे, आईच्या हातावर मी डोळ्यांनी बघितलंय. कोकणातसुद्धा पोचवलं. तो दर बाजाराला भेटून गोड बोलून विचारायचा, मीही गोड बोलून कपाळाला हात लावायची, "कोडानं घात केला रे बाबा!"

हौसाक्का दोन पावसाळे काढून गेली. मोरीत पाय घसरला, असं धैर्यशीलनं सांगितलं आणि गावानं ऐकलं. तिरडीला खांदा देताना तो सगळ्यांत पुढं होता. बायका म्हणाल्या, बघा, पोर किती रडतंय. मी त्याच्याकडं बघितलं नाही. न्हाऊ घालताना मात्र तिचा उजवा हात बघितला होता. लाखेची बांगडी नव्हती. कोपराच्या वर तिची लालसर खूण तेवढी उमटली होती, गोल, रुतलेली.

मी फौजदाराकडं गेले. खोट्या नव्हे, खऱ्या. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, ज्या हाताला तुम्ही गावभर कोड म्हणालात, तोच हात ना?"

पुढं त्याच्या दुकानात कामाला असलेल्या माणसाचं प्रेत उसाच्या फडात सापडलं तेव्हा धैर्यशीलला जन्मठेप झाली. पेपरात त्याचा हसरा फोटो आला. गाव म्हणालं, गाईसारखं पोरगं, असं कसं झालं? आम्हाला तर कधी काही दिसलं नाही.

उजू मिरजेला असते. स्वतःची दोन मशिनं आहेत. हातात बांगडी घालत नाही; मी भरते म्हटलं तरी नको म्हणते.

आणि पद्मा इथंच, तीन कोसांवर दिली. दोन पोरं, सासू आहे पण दात नसलेली. संक्रांतीला मी तिच्या दारी जाते. परवाही गेले होते. हात पुढं करून बसली, तोंडाचा पट्टा चालूच.

"मावशी, हळू भर. आणि मोजून भर. तुझा काय भरवसा? मला कोडाच्या घरात ढकलत होतीस तू! आत्या होती म्हणून वाचले."

"व्हय बाई," मी म्हटलं. "आत्यामुळंच वाचलीस."

"लाज वाटत नाही, वर हसतेस?"

मी तिचा हात उलटा करून बघितला. गेल्या संक्रांतीला भरलेल्या बांगड्या अजून सगळ्या होत्या. एकही तडकली नव्हती. नव्या घालायला जागाच नव्हती.

"तुझ्या घरात माझा धंदा होत नाही बघ," मी म्हटलं, आणि पेटी बंद केली.